नोको-सान: मेलबर्नच्या तक्त्यात सापडलेला माणूस

मैदानी_माळी
(धागाकर्ता)

गेल्या महिन्यात इथे नेव्हिल डिसोझावर धागा निघाला होता. मेलबर्न ऑलिंपिक १९५६, ऑस्ट्रेलियाविरुद्ध हॅटट्रिक, भारत ४-२. त्यावर वाद घालता घालता मी त्या स्पर्धेचा तक्ता काढून बसलो. आपण ऑस्ट्रेलियाशी १ डिसेंबरला खेळलो. त्याच ऑलिंपिक पार्कवर चार दिवस आधी, २७ नोव्हेंबरला, ऑस्ट्रेलियाने जपानला २-० घरी पाठवलं होतं. म्हणजे ज्या संघाला नेव्हिलने धुतलं, त्या संघाने जपानला सहज हरवलं होतं. मग प्रश्न पडला, त्या जपानच्या बाकावर प्रशिक्षक म्हणून कोण होतं?

उत्तर: ताकेनोकोशी शिगेमारू. (जपानी पद्धतीप्रमाणे आडनाव आधी. ओळखीचे लोक 'नोको-सान' म्हणत. मीही पुढे तेच वापरतो, नाहीतर टंकताना बोटं दुखतील.)

एका रात्रीचं कुतूहल होतं, त्यात पंधरा दिवस गेले. म्हणून हा धागा. लांब आहे, चहा घेऊन बसा.

नोको-सान १९०६ चा. मूळ गाव उसुकी, क्यूशू बेटावरच्या ओइता प्रांतात. शाळा मात्र दालियनला, म्हणजे चीनच्या किनाऱ्यावर, जे बंदर तेव्हा जपानच्या ताब्यात होतं. पुढे यामागुचीची 'हायस्कूल'. ही हायस्कूल म्हणजे आपली अकरावी-बारावी समजू नका. जुन्या जपानी पद्धतीत ती विद्यापीठाच्या आधीची तीन वर्षं, पोरं चांगली मिशीवाली असत.

त्या काळी जपानी फुटबॉल म्हणजे काय होतं? संघटना स्थापन झाली १९२१ मध्ये, तीही इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने १९१९ ला एक चांदीचा चषक भेट म्हणून पाठवला म्हणून. चषक आला, आता तो द्यायचा कुणाला? मग संघटना काढली, स्पर्धा भरवली. (तो चषक दुसऱ्या महायुद्धात धातू हवा म्हणून सरकारजमा झाला. वितळला.) १९२३ मध्ये ओसाकाच्या सुदूर पूर्व क्रीडास्पर्धेत जपान घरच्या मैदानावर फिलिपिन्सकडून १-२ आणि चीनकडून १-५ हरला. धावायला सगळे तयार होते. चेंडू मारता येत नव्हता.

इथे चॉ दिन येतो. ब्रह्मदेशातून तोक्योच्या उच्च तांत्रिक शाळेत शिकायला आलेला विद्यार्थी. ब्रह्मदेश १९३७ पर्यंत ब्रिटिश हिंदुस्थानाचा प्रांत होता, तेव्हा कागदोपत्री हा गडी हिंदुस्थानातूनच आलेला. त्याला फुटबॉल येत होतं, आणि ते समजावून सांगताही येत होतं. हे दुसरं पहिल्यापेक्षा दुर्मीळ. मी रविवारी सकाळी गल्लीतल्या पोरांना शिकवतो, त्यामुळे हे अनुभवाने सांगतो. 'असं मार' म्हणून मारून दाखवणारे ढिगाने मिळतात. आधाराचा पाय चेंडूच्या शेजारी कुठे टेकायचा, घोटा का ताठ ठेवायचा, बुटाच्या नाड्यांचा भाग चेंडूच्या मध्यावर बसला तर काय होतं आणि दोन बोटं खाली बसला तर काय होतं, हे कारणासकट सांगणारा हजारात एक. चॉ दिन त्यातला होता. जपान्यांना कारणं आवडली. त्याने शिकवलेल्या तोक्योच्या वासेदा हायस्कूलने १९२३ च्या जानेवारीत हायस्कुलांची पहिली स्पर्धा जिंकली. त्या वासेदात सुझुकी शिगेयोशी नावाचा खेळाडू होता, त्याचं नाव लक्षात ठेवा. त्याच वर्षी चॉ दिनचं फुटबॉल कसं खेळावं यावरचं पुस्तकही आलं.

मग १ सप्टेंबर १९२३ चा भूकंप. तोक्यो जळलं, चॉ दिनची शाळाही गेली. वर्ग बंद. मग हा पठ्ठ्या देशभर फिरून फुटबॉल शिकवायला लागला. कोबे, यामागुची, जिथे बोलावतील तिथे. यामागुचीच्या हायस्कुलात त्याच्यासमोर जे विद्यार्थी उभे राहिले त्यात आपला नोको-सान होता.

नंतर तो तोक्यो इम्पिरियल विद्यापीठात गेला. सरकारी नोकरशहा तयार करणारी ती जागा, पण १९२६ ते १९३१ सलग सहा वर्षं कांतोची (तोक्यो आणि आसपासचा प्रदेश) विद्यापीठ लीग याच संघाने जिंकली. छोटे पास, त्रिकोण, चेंडू जमिनीवर. चॉ दिनचा धडा.

देशाकडून तो तीन सुदूर पूर्व स्पर्धा खेळला: १९२५ मनिला, १९२७ शांघाय, १९३० तोक्यो. शांघायला २९ ऑगस्ट १९२७ रोजी जपानने फिलिपिन्सला २-१ हरवलं. जपानचा हा आंतरराष्ट्रीय फुटबॉलमधला पहिला विजय. संघ मुख्यत्वे वासेदाचा, कप्तान सुझुकी, आणि वासेदाबाहेरचा नोको-सान त्यात. म्हणजे चॉ दिनचे दोन चेले एका संघात.

१९३० ला तोक्योत, मेइजी जिंगू मैदानावर, फिलिपिन्सला ७-२ (वाकाबायाशी ताकेओचे एकट्याचे ४) आणि चीनशी ३-३. चीनशी बरोबरी म्हणजे तेव्हा आशियाच्या दादाशी बरोबरी. विजेतेपद दोघांत वाटून. सात वर्षांपूर्वी याच चीनकडून १-५ खाल्ले होते.

यानंतर बूट काढून नोको-सान बाकावर आला, आणि खरी गोष्ट तिथून सुरू होते. १९३४ ला मनिलात मुख्य प्रशिक्षक म्हणून पहिली स्पर्धा. पहिलाच सामना डच ईस्ट इंडीजशी (आजचा इंडोनेशिया). निकाल १-७. मग फिलिपिन्सवर ४-३, चीनकडून ३-४.

१९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकला मुख्य प्रशिक्षक झाला सुझुकी शिगेयोशी. नोको-सान सहायक. बर्लिनबद्दल खाली वेगळं लिहितो, जेवायला हाक आली.

---

कुपरेजवाला

माळीबुवा, जेवून या लवकर. चॉ दिन हे प्रकरणच माहीत नव्हतं. ब्रह्मदेशाने जपानला फुटबॉल शिकवलं हे आज कुणाला सांगितलं तर वेड्यात काढतील.

नेव्हिलबद्दल थोडं: माझे वडील कुपरेजला त्याला टाटांकडून खेळताना बघायचे. ते म्हणायचे, नेव्हिल पेनल्टी क्षेत्रात असा हिंडायचा जसा कुणी हरवलेली किल्ली शोधतोय, आणि बचाव करणाऱ्याला वाटायचं याला चेंडूत रसच नाही. मग एकदम हेडर. मेलबर्नमध्ये त्याचे एकूण चार गोल, स्पर्धेतल्या सर्वाधिक गोलांत संयुक्त पहिला.

---

आसगांवची_सून

अवांतर पण अभिमानाचं: नेव्हिल आमच्या आसगांवचा हां! मुंबईवाले नेहमी पळवतात. माझ्या सासूबाई अजून 'आमचो नेव्हिल' म्हणतात, जसा काही काल संध्याकाळी दारातून हाक मारून गेला.

वाचतेय. बर्लिन येऊ दे.

---

मैदानी_माळी

आलो. बर्लिन.

जपानने संघ पाठवला, त्यात बरेचसे वासेदाचे विद्यार्थी. प्रवास सैबेरियामार्गे रेल्वेने, जवळपास दोन आठवडे. रेल्वेच्या डब्यात पंधरा-सोळा फुटबॉलपटूंनी पाय कसे मोकळे ठेवले असतील याची कल्पना करा. स्टेशन आलं की फलाटावर धावायचं, शिट्टी झाली की चढायचं.

बर्लिनमध्ये स्थानिक क्लबांशी सराव सामने झाले आणि जपान सगळे हरला. आणि त्यांना कळलं की आपण जुनं फुटबॉल खेळतोय. ऑफसाइडचा नियम १९२५ मध्ये बदलला होता: आधी गोलरेषा आणि खेळाडू यांच्यामध्ये तीन विरोधी हवेत, आता दोन पुरे. त्यामुळे युरोपने मधल्या हाफबॅकला मागे खेचून तीन बचावपटूंची पद्धत सुरू केली. जपान अजून दोनावरच. खेळायला महिनाभर उरला असताना आख्खी रचना बदलायची? कुठलाही शहाणा प्रशिक्षक म्हणेल, राहू द्या, मुलं गोंधळतील. सुझुकी, नोको-सान आणि दुसरा सहायक कुदो कोइची यांनी ती बदलली. डोळ्यासमोर पाहिलेलं उचललं, सरावात घोटवलं.

४ ऑगस्ट १९३६. समोर स्वीडन. मध्यंतराला ०-२, दोन्ही गोल पेर्सोनचे. मध्यंतरानंतर कावामोतो तैझो, मग उकोन तोकुतारो, आणि ८५ व्या मिनिटाला मात्सुनागा अकिरा. ३-२. शेवटची मिनिटं गोलकीपर सानो रिहेईने काढली. स्वीडिश रेडिओवर स्वेन येरिंग समालोचन करत होता. त्याला जिकडे बघावं तिकडे जपानीच दिसत होते आणि तो 'जपानी, जपानी, पुन्हा जपानी' म्हणत राहिला. स्वीडनमध्ये ते समालोचन आजही लोकांच्या तोंडी आहे.

तीन दिवसांनी इटलीने ८-० मारले. इटली ते सुवर्ण घेऊनच गेली. नवीन पद्धत शिकून महिना झालेला संघ एकदा चकवा देतो, दुसऱ्यांदा दमलेला असतो.

पुढचं लिहायला नको वाटतं. बरोबरीचा गोल करणारा उकोन १९४४ ला बुगेनव्हिल बेटावर मेला. विजयी गोल करणारा मात्सुनागा १९४३ ला ग्वादलकनालला. कप्तान ताकेउची तेइझो युद्ध संपल्यावर, १९४६ ला, सोव्हिएत कैदेत. १९४० चं तोक्यो ऑलिंपिक झालंच नाही. १९४८ ला लंडनला जपानला बोलावलं नाही. युद्धानंतर संघ बांधायला बसलेल्या नोको-सानकडे ते खेळाडूच उरले नव्हते.

---

विदर्भवीर

बर्लिन १९३६ म्हटल्यावर राहवत नाही. तिथे आमच्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथकही गेलं होतं. देशी खेळ, कसरती दाखवल्या. आणि हॉकीत ध्यानचंदांच्या संघाने जपानला ९-० हाणलं होतं. म्हणजे त्या महिन्यात जपानने हॉकीत ९ आणि फुटबॉलमध्ये ८ खाल्ले, आणि मधल्या मधे स्वीडनला हरवलं. काय महिना असेल भाऊ!

---

आकडेमोड

लेख रंगतदार आहे, पण भावनेत वाहून जाऊ नका. बर्लिनचं श्रेय सुझुकीचं. नोको-सान सहायक होता. मुख्य प्रशिक्षक म्हणून त्याचं काय?

१९३४ मनिला: १-७, ४-३, ३-४.
१९५४ विश्वचषक पात्रता, कोरियाशी: १-५, २-२.
१९५४ मनिला आशियाई: इंडोनेशियाकडून ३-५, भारताकडून २-३.
१९५६ ऑलिंपिक पात्रता, कोरियाशी: २-०, ०-२. मग चिठ्ठी टाकून पुढे गेले!
मेलबर्न: ०-२.

दहा सामने, २ विजय, १ बरोबरी, ७ पराभव. मोठ्या स्पर्धांमधलं हे प्रगतिपुस्तक. आपल्याकडे असा प्रशिक्षक असता तर इथेच त्याच्यावर शंभर प्रतिसादांचा धागा निघाला असता आणि त्यातले निम्मे माझे असते.

---

कुपरेजवाला

थांबा थांबा, १९५४ ला मनिलात आपण जपानला ३-२ हरवलं होतं? म्हणजे नोको-सानला आपण थेट हरवलं, आणि मेलबर्नमध्ये त्याला हरवणाऱ्याला आपण हरवलं. आपले प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम, त्या रहीमसाहेबांचा काळच वेगळा.

---

निशीकासाईकर

तोक्योतून लिहितोय, इथे नोकरीला येऊन अकरा वर्षं झाली.

होंगोला जपान फुटबॉल म्युझियम होतं (२०२३ मध्ये बंद झालं). तिथे तळघरात हॉल ऑफ फेमच्या पट्ट्या होत्या, एकेका माणसाचा उठावातला चेहरा आणि खाली नाव. एका पावसाळी रविवारी मुलाला घेऊन गेलो होतो. त्याला २००२ च्या विश्वचषकाच्या वस्तू बघायच्या होत्या, मी मात्र त्या चेहऱ्यांपाशी रेंगाळत होतो. सगळे जपानी चेहरे एका साच्यातले, कॉलर, टाय, केस मागे. त्यात एक चेहरा वेगळा. खालचं नाव मी काताकानात (परकी नावं लिहायची जपानी लिपी) अक्षर अक्षर लावून वाचलं: चो-दि-न. शेजारी उभ्या एका आजोबांना विचारलं, हे कोण? ते म्हणाले, 'सेन्सेई', म्हणजे गुरुजी. बस्स, एवढंच. मी अजून काही विचारेपर्यंत मुलगा हात ओढून गिफ्ट शॉपकडे घेऊन गेला.

चॉ दिनला २००७ मध्ये तिथे स्थान मिळालं. नोको-सान त्याच्या आधीच, २००५ च्या पहिल्या तुकडीत. शिष्य आधी, गुरू दोन वर्षांनी.

आकडेमोड यांच्या हिशेबाला माझ्याकडे उत्तर नाही, पण १९५४ च्या कोरिया सामन्यांबद्दल माळीबुवांनी लिहावं. आकड्यांत तो चिखल दिसत नाही.

---

मैदानी_माळी

निशीकासाईकर, 'सेन्सेई' वाचून काटा आला. हा प्रतिसाद धाग्यात वर हलवता आला असता तर हलवला असता.

आकडेमोड, तुमची बेरीज बरोबर आहे. मी वेगळ्या खात्यावर मांडतो.

१९५४ चे सामने समजून घ्यायला एक माणूस लागतो: किम योंग-सिक. कोरिया जपानच्या ताब्यात असताना हा कोरियन खेळाडू बर्लिनला जपानकडून खेळला. स्वीडनवरच्या त्या विजयात तो मैदानावर होता, नोको-सानच्या हाताखाली. आता १९५४. कोरिया स्वतंत्र, कोरियन युद्ध संपून वर्षही नाही झालेलं. विश्वचषकाच्या पात्रतेत जपान आणि कोरिया आमनेसामने. घरी एक, बाहेर एक असे सामने ठरलेले. कोरियाचे अध्यक्ष सिंगमन री म्हणाले, जपानी संघ आमच्या भूमीवर पाऊल ठेवणार नाही. त्यामुळे दोन्ही सामने तोक्योत. हरलात तर परत येताना समुद्रात उड्या टाका, असं त्यांनी स्वतःच्या खेळाडूंना बजावल्याची आख्यायिका कोरियात सांगतात. कोरियाचे बरेच जुने खेळाडू जपानी राजवटीत शिकलेले, जपानी बोलणारे.

७ मार्च १९५४, मेइजी जिंगू. मैदान म्हणजे बर्फाळ पावसाने केलेला चिखल. छोट्या पासची जी शाळा नोको-सानने तीस वर्षं जपली तिचा या चिखलात काही उपयोग नव्हता. चेंडू तीन फूट जाऊन थांबायचा. पहिला गोल मात्र जपानचाच, नागानुमा केन नावाच्या पोराने पदार्पणातच केला. विश्वचषक पात्रतेतला जपानचा हा पहिला गोल. मग कोरियाने पाच घातले. आठवड्याने २-२. कोरिया स्वित्झर्लंडला गेला, आणि तिथे कोरियाचा प्रशिक्षक कोण? किम योंग-सिक. नोको-सानच्या हाताखाली खेळलेला माणूस विश्वचषकात पोहोचला. फक्त दुसऱ्या देशाकडून.

---

आकडेमोड

हे भारी आहे, पण हा माझ्या मुद्द्याचा प्रतिवाद नाही. चिखल दोन्ही संघांना सारखाच होता.

---

रंकाळा_एक्स्प्रेस

चिखल सारखा नसतोय भावा. आमच्या कोल्हापुरात या एकदा, शाहू स्टेडियमवर पाऊस पडल्यावर दाखवतो. ज्यो संघ लांब मारतोय, अंगावर जातोय, त्याला चिखल म्हणजे लग्नातलं जेवण. पास करत खेळणाऱ्याला उपास. आमच्या तालमीचा एक वस्ताद पावसाच्या दिवशी म्हणायचा, 'आज कुणी शाणपणा करायचा न्हाई, चेंडू दिसला की उडवा.' नोको-सानने पण तसं म्हणायला पाहिजे होतं. न्हाई म्हणाला, ती त्याची चूक. हितं आकडेमोडरावांशी सहमत.

---

मैदानी_माळी

रंकाळा, वस्तादांचा मुद्दा मान्य. नोको-सान हट्टी होताच.

आता वेगळं खातं. १९५४ ला पदार्पणात गोल करणारा तो नागानुमा मेलबर्नच्या संघातही होता. पुढे १९६२ मध्ये, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, तो जपानचा प्रशिक्षक झाला. १९६४ ला तोक्योत अर्जेंटिनाला ३-२ हरवलं, १९६८ ला मेक्सिकोत कांस्य जिंकलं. त्याचा सहायक ओकानो शुनइचिरो. ओकानोचं पदार्पण १९५५ चं, तोक्यो विद्यापीठात शिकत असताना, म्हणजे नोको-सानच्याच विद्यापीठातून. आणि समोरचा संघ कोणता? ब्रह्मदेश! मेक्सिकोच्या कांस्यविजेत्या संघाचा कप्तान याएगाशी शिगेओ, तोही १९५६ च्या मेलबर्न संघातला.

म्हणजे ०-२ हरून घरी परतलेल्या त्या संघातून पुढच्या कांस्यपदकाचा प्रशिक्षक आणि कप्तान दोन्ही निघाले. अजून पुढे: १९९८ ला जपान पहिल्यांदा विश्वचषकात पोहोचला तेव्हा संघटनेचा अध्यक्ष नागानुमा होता. २००२ ला विश्वचषक घरी भरला तेव्हा अध्यक्ष ओकानो.

---

आकडेमोड

तुम्ही सोयीस्करपणे एक नाव गाळलंत. डेटमार क्रामर. १९६० ला जर्मनीहून आला आणि जपानी फुटबॉल बदललं, हे जपानी स्वतः म्हणतात. १९५८ ला तोक्योच्या आशियाई स्पर्धेत जपान घरच्या मैदानावर फिलिपिन्सकडून ०-१ आणि हाँगकाँगकडून ०-२ हरला, तेव्हा संघटनेचे अध्यक्ष नोझु युझुरु यांनी ठरवलं की बाहेरचा प्रशिक्षक आणायचा. नोको-सानची पिढी पुरेशी चांगली असती तर क्रामर लागला नसता.

---

निशीकासाईकर

आकडेमोड, १९५८ ला प्रशिक्षक कावामोतो होता, बर्लिनचा पहिला गोलवाला. ते नोको-सानच्या खात्यात घालू नका. :)

पण क्रामरचा मुद्दा बरोबर. इथे ऑफिसातला माझा साठीचा सहकारी शाळेत गोलकीपर होता. त्याला विचारलं तर तो म्हणाला, क्रामरने आल्या आल्या राष्ट्रीय संघाला काय शिकवलं? चेंडू मारायला, थांबवायला, पास द्यायला. देशाकडून खेळणाऱ्यांना पहिलीचा धडा. मला लगेच चॉ दिन आठवला. १९२३ ला बाहेरून आलेल्या एकाने जे शिकवलं तेच १९६० ला बाहेरून आलेल्या दुसऱ्याला पुन्हा शिकवावं लागलं. मध्ये सदतीस वर्षं, एक युद्ध, आणि मेलेले खेळाडू.

---

आसगांवची_सून

मला फुटबॉलातलं फार कळत नाही, पण मी शिक्षिका आहे, म्हणून एक. चॉ दिनकडून शिकलेल्या मुलाने ते तीस वर्षं धरून ठेवलं, क्रामर आला तेव्हा ऐकून घ्यायला तयार असलेली मुलं तिथे होती. आमच्याकडे बाहेरचा कुणी चांगलं शिकवून गेला की पुढच्या जूनपर्यंत सगळं विसरलेलं असतं. ज्या वर्गात विसरत नाहीत, तिथे बहुतेक एक खडूस मास्तर असतो, ज्याच्या नावाने मुलं बोटं मोडतात.

नोको-सान खडूस होते का हो माळीकाका?

---

मैदानी_माळी

आसगांवची_सून, हॅहॅ. कडक होते, शिस्तीचे होते. खडूस हा शब्द तुम्ही काढलात, पण बसतो.

---

कुपरेजवाला

वाद बाजूला ठेवून एक टोचणारी गोष्ट. १९६२ ला जाकार्तात आपण सुवर्ण जिंकलं, वाटेत जपानला २-० हरवून. तेव्हा क्रामर जपानात येऊन दोन वर्षं झाली होती. १९७० ला बँकॉकमध्ये कांस्यपदकाच्या सामन्यात आपण जपानला १-० हरवलं, म्हणजे मेक्सिकोच्या ऑलिंपिक कांस्यानंतर दोन वर्षांनी! पुढे काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. मेलबर्नचा चौथा क्रमांक आपला होता, त्यांचा नाही. आपल्या १९५६ च्या संघातून पी. के. बॅनर्जींसारखे प्रशिक्षक निघाले हे खरं, पण संघटनेच्या अध्यक्षाच्या खुर्चीत खेळाडू बसायला २०२२ उजाडलं (कल्याण चौबे).

नेव्हिल गेला १९८० च्या मार्चमध्ये. किती पेपरांत किती ओळी आल्या असतील?

---

मैदानी_माळी

योगायोग बघा, नोको-सानही १९८० चेच. ऑक्टोबर.

---

विदर्भवीर

+१. वाचनखूण साठवली. पण शीर्षक बदला राव, 'मेलबर्नच्या तक्त्यात' वाचून मला वाटलं रेल्वेच्या वेळापत्रकाचा धागा आहे.

---

आकडेमोड

मी माझं मत बदललेलं नाही. मुख्य प्रशिक्षक म्हणून ७ पराभव ते ७ पराभवच. पण एक कबूल करतो, मी त्या हिशेबात १९३० चं ३-३ धरलं नव्हतं, कारण तेव्हा तो खेळाडू होता. आणि बर्लिन धरलं नाही, कारण सहायक. माझ्या पद्धतीने मोजलं तर माणसाचं जे चांगलं ते नेमकं बाहेर राहतं. पद्धत तपासायला हवी. निकाल तोच.

---

रंकाळा_एक्स्प्रेस

आकडेमोडरावांनी 'तपासायला हवी' म्हटलं, हाच या धाग्याचा गोल. स्क्रीनशॉट काढून ठेवलाय.

---

निशीकासाईकर

शेवटी एक अवांतर. जपानच्या जर्सीवर तीन पायांचा कावळा असतो ना, यातागारासु? ते चिन्ह १९३१ चं, शिल्पकार हिनागो जित्सुझोने केलेलं. हिनागोचं गाव कुठलं माहितीये? उसुकी. नोको-सानचंच. नकाशावर बघा, बोटाच्या टोकाखाली झाकलं जाईल एवढंसं गाव, समुद्राकाठी.

पुढच्या सुट्टीत क्यूशूला जायचं चाललंय. मुलगा म्हणतो, तिथे काय आहे? म्हटलं, कावळा आहे. तयार झाला.